आधी गळतीची वही, मग नोंदणी

प्रश्न असा आहे: "आम्ही पाच जण नुकतेच कला महाविद्यालयातून बाहेर पडलोय. ज्या मुलांना क्लास परवडत नाही त्यांना कोल्हापुरात चित्र-शिल्प शिकवणारी संस्था काढायची आहे. नोंदणी कशी करायची, देणग्या कुठून आणायच्या आणि पहिल्या वर्षी किती मुलं घ्यायची?"

तिन्हींची उत्तरं देतो, पण उलट्या क्रमाने. नोंदणीचे कागद कुठलाही सी.ए. तासाभरात सांगेल. आलेली मुलं चार महिन्यांनी कुठे जातात, हे मात्र तुम्हालाच शोधावं लागेल, आणि संस्थेचा वार, वेळ, जागा, खर्च हे सगळं त्यावरून ठरेल. वीसेक वर्षं मी हे काम करतोय. त्यातली पहिली तीन हे न कळताच गेली.

पहिल्या जूनमध्ये आमच्याकडे 42 मुलं होती. दिवाळीनंतर 11 उरली. आम्ही मास्तर मंडळींनी चहा पीत बसून कारणं काढली: घरात कलेला किंमत नाही, पोरांना चिकाटी नाही, मोबाइल वगैरे. एकाही मुलाला विचारलं नव्हतं. आठवीतली एक मुलगी होती, तिची रेषा अशी की आम्हीच थांबून बघायचो. ती यायची थांबली तेव्हा आमच्यातल्या एक ताई तिच्या घरी गेल्या. आई म्हणाली, "बाई, पाणी पाचला येतंय. मी कामावर. भरणार कोण?" आमचा वर्ग पाच ते सात. विषय संपला. पुढच्या महिन्यात आम्ही वर्ग रविवारी सकाळी आठला नेला. ती आली, आणि गल्लीतल्या आणखी चौघींना घेऊन आली.

त्या आठवड्यात मी एक वही आणली. हजेरीची नव्हे, ती होतीच. या वहीत फक्त थांबलेली मुलं. नाव, इयत्ता, शेवटचा रविवार कोणता, कोण घरी जाऊन आलं, आणि घरच्यांनी सांगितलेलं कारण त्यांच्याच शब्दांत. "रस नाही" असं लिहायला आमच्याकडे बंदी आहे, कारण ते मास्तरचं मत असतं, घरच्यांचं उत्तर नसतं. सलग दोन रविवार मूल आलं नाही की तिसऱ्याच्या आत कोणीतरी घरी जाऊन येतं. फोनवर पालक "येईल की, पाठवतो" एवढंच म्हणतात. दारात उभं राहिल्यावर खरं काय ते कळतं.

म्हणून किती मुलं घ्यायची, या प्रश्नाचं माझं उत्तर असं: तुम्ही पाच जण महिन्याभरात जितक्या घरी जाऊन येऊ शकता तितकीच. पंचवीस-तीसच्या वर जाऊ नका. शंभर मुलांचा वर्ग छायाचित्रात छान दिसतो.

वही दोन वर्षं भरल्यावर तिच्यात हंगाम दिसायला लागले. आषाढ-श्रावणात कुंभारांची मुलं गायब व्हायची. गंगावेश, शाहूपुरी, बापट कॅम्प, कुठलीही कुंभार गल्ली घ्या, गणपतीच्या आधीचे दोन महिने घरातल्या प्रत्येक हाताला काम असतं. दहा वर्षांचं पोरगं पीतांबर रंगवत असतं आणि आम्ही त्याच्या नावापुढे "गैरहजर" लिहीत होतो! त्यानंतर आम्ही श्रावणातले चार रविवार वर्गच मूर्तींच्या कारखान्यात न्यायला लागलो. बाकीची मुलं तिथे मातीचा हात, साचा, जोडकाम बघतात, कारागिरांची रेखाचित्रं काढतात. एका वयस्क मूर्तिकारांना आम्ही रीतसर मानधन देतो; ते डोळ्यांची आखणी दाखवतात. बुबुळ कुठे ठेवलं की मूर्ती बघणाऱ्याकडे बघते, हे मी पाच वर्षं कला महाविद्यालयात शिकून जेवढं शिकलो त्यापेक्षा त्यांच्या हाताखाली एका सकाळी जास्त शिकलो. आणि जी मुलं गैरहजर होती, ती त्या महिन्यात वर्गाची मास्तर होतात.

तसंच इतर धंद्यांचं. चपला बनवणाऱ्या घरातल्या मुलीला आकृतिबंध, लय हे शब्द शिकवत बसू नका. वेणी कशी घालतात, कान कसा कापतात ते तिला फळ्यावर काढायला सांगा, मग शब्द द्या. उद्यमनगरात, शिरोलीत फाउंड्रीला, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्यांना, लाकडी पॅटर्न (वाळूत साचा उठवायचे नमुने) बनवणारे कारागीर आहेत. ओतकाम थंड होताना धातू आकसतो, म्हणून पॅटर्न किंचित मोठा ठेवावा लागतो. कडांना उतार द्यावा लागतो, नाहीतर वाळूतून तो सुटत नाही. हे शिल्पाचंच शिक्षण आहे. त्यांच्याकडची बाद पॅटर्नं आम्ही मागून आणतो आणि वस्तुचित्राला मांडतो. बाटली, सफरचंद आणि निळं फडकं यांच्यापेक्षा मुलं ती आवडीने काढतात, कारण कुणाच्या तरी वडिलांनी ती बनवलेली असतात.

कोल्हापूरला कलापूर म्हणतात. भाषणात हे वाक्य हमखास येतं आणि पुढे काहीच होत नाही. पण त्यामागचा इतिहास तुमच्या कामाचा आहे. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकून इथे परतले आणि त्यांना शाहू महाराजांचा आश्रय मिळाला. बाबूराव पेंटर तर कुठल्या कलाशाळेत गेलेच नाहीत. आनंदराव पेंटरांबरोबर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत शिकले, कॅमेरा स्वतः बनवला, आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' हा चित्रपट पडद्यावर आणला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत व्ही. शांताराम घडले. म्हणजे या गावात शिकणं बरंचसं कारखान्यातच झालेलं आहे. हाताला काम आणि शेजारी जाणता माणूस, बस. तुमची संस्था याच चालीवर नेलीत तर पालकांना ती समजावून सांगावी लागणार नाही.

वर्षातून दोनदा मुलांना बाहेर न्या. टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठावर काय करतोय, या एका प्रश्नावर आमची सबंध दुपार गेली होती. राजारामपुरीत चंद्रकांत मांढऱ्यांचं संग्रहालय आहे. नट म्हणून माहीत असलेल्या माणसाने पावडर शेडिंगमध्ये (कागदावर पावडर चोळून छटा देण्याच्या पद्धतीत) काय केलंय ते मुलांना दाखवा. जमलं तर एस.टी.ने खिद्रापूर. तिथल्या कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपात वरच्या गोल मोकळ्या जागेतून ऊन खाली पडतं आणि खांबांवरून सरकत जातं. सकाळी एक आणि दुपारी एक अशी एकाच खांबाची दोन चित्रं काढून घ्या. छायाप्रकाशावर व्याख्यान द्यायची गरज उरत नाही.

आता जागा. आपल्याकडे तालीम मंडळांकडे खोल्या असतात आणि दुपारी त्या रिकाम्या असतात. आम्ही पहिली दोन वर्षं तालमीच्या माडीवरच वर्ग घेतला. मंडळी प्रेमळ, भाडं शून्य, सतरंजी पण त्यांचीच. पण वही सांगत होती की सातवीच्या पुढच्या मुली येत नाहीत. खाली कट्ट्यावर पोरं बसलेली, त्यांच्यासमोरून जिना चढायचा. कोण आई पाठवेल? मग आम्ही शाळेची खोली मागितली. शाळेची खोली मिळाली तर लेखी पत्र घ्या, त्यात वार, वेळ, किल्ली कोणाकडे आणि दिव्याचं बिल कोणाचं हे असू द्या. तोंडी परवानगी मुख्याध्यापकांच्या बदलीबरोबर जाते. आम्हाला एकदा फाटकाबाहेर पोरांना घेऊन उभं राहावं लागलंय. त्या रविवारी रस्त्याच्या कडेला बसून रिक्षांची चित्रं काढली, चांगली आली, पण पुढच्या रविवारी सहा मुलं कमी.

आणि सामान तळमजल्यावर ठेवू नका. राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोक्याची पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा 55 फुटांच्याही वर गेली. आमचं कपाट नदीच्या बाजूला, तळमजल्यावर. दोन वर्षांचे कागद आणि मुलांची सगळी कामं लगदा झाली. कागद परत घेता येतात. एका मुलाची पहिली चाळीस चित्रं कुठून आणणार? तेव्हापासून प्रत्येक चित्राचा महिन्याला फोटो काढून ठेवतो आणि फडताळ माडीवर असतं.

साहित्याचा हिशेब सोपा आहे. 30 मुलं, दर रविवारी दोन कागद, वर्षाचे 40 रविवार: 2400 पाव आकाराचे कागद. 22 बाय 30 इंची पूर्ण शीटचे चार तुकडे होतात, म्हणजे 600 शीट. एवढं घाऊक घेतलं तर दुकानदार भाव करतो. त्यातही निम्मा कागद चांगला लागतच नाही. पहिले दोन महिने रद्दी पेपरवर विलो चारकोल किंवा साधा कोळसा द्या. कोऱ्या पांढऱ्या कागदाला मुलं भितात. छापील पेपरवर हात मोकळा फिरतो, आणि चुकलं तर काय बिघडलं? गावातल्या छापखान्यांत कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्या निघतात, त्या मागा. रंग मात्र स्वस्तातले घेऊ नका. चुन्यासारखे पोस्टर कलर वापरून मुलाला वाटतं आपल्यालाच रंग जमत नाही. बारा रंगांच्या पेटीऐवजी सहा चांगले रंग द्या आणि मिसळायला शिकवा.

फीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. फुकटची किंमत नसते असं आम्हालाही लोकांनी सांगितलं, म्हणून महिना 20 रुपये ठेवले. वहीत चार नोंदी आल्या: "पैसे द्यायचे राहिले म्हणून लाजला." 20 रुपये जड नव्हते, पण दोन महिने थकले की मूल दारातून परत फिरायचं. फी बंद केली. आता प्रत्येकाने महिन्याला दोन किलो रद्दी आणायची, घरातली नाहीतर शेजाऱ्यांकडून मागून. चांगले पेपर कोळशाच्या कामाला, उरलेले विकून खोडरबर-पेन्सिली. हिशेब मुलंच ठेवतात. रद्दी राहिली म्हणून अजून कुणी लाजलेलं नाही.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांबद्दल माझं मत थोडं कडू आहे, पण विरोध नाही. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालकांना वर्गाचा उपयोग पटतो. मुलीला रविवारी घराबाहेर पाठवायला "परीक्षेची तयारी" हे कारण फार कामाचं आहे. ते वापरा. मात्र वर्षभर स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि अक्षरलेखन घोटून घेतलं की परीक्षेच्या दुसऱ्या रविवारी वर्ग ओस पडतो. आम्ही तयारी शेवटचे आठ रविवार करतो, त्याआधी नाव काढत नाही.

चित्रकला स्पर्धांना मात्र माझा सरळ विरोध आहे. कुठल्या तरी नेत्याच्या वाढदिवसाला मैदानात सातशे पोरं उन्हात बसवायची, "पर्यावरण वाचवा" विषय द्यायचा, तिघांना ढाली. आमच्या वर्गातली नऊ मुलं एकदा गेली, एकीला दुसरा क्रमांक मिळाला. पुढच्या महिन्यात वहीत तीन नावं आली. त्यातल्या एकाच्या आजोबांनी सांगितलं, "त्याला येत नाही म्हणून कळलं न्हवं का." स्पर्धेऐवजी प्रदर्शन करा. दसरा चौकात शाहू स्मारक भवनात कलादालन आहे, तिथली तारीख बरीच आधी धरावी लागते. प्रत्येक मुलाचं एकच चित्र, ते त्याने स्वतः निवडलेलं, सगळी एकाच मापाच्या माउंटमध्ये. क्रमांक नाही, उद्घाटक नाही. कामावरून सुटून आलेले वडील साडेसात वाजता पोराच्या चित्रासमोर उभे राहतात, तेवढ्यासाठी दालन आठपर्यंत उघडं ठेवा.

सगळ्यात मोठी गळती नववीत. याला मोठा उपाय माझ्याकडे नाही. दहावीचं वर्ष म्हटलं की घरोघरी रंग माळ्यावर जातात. आम्ही दोन गोष्टी करतो. नववी-दहावीच्या मुलांना महिन्यातून एकच रविवार, तोही अभ्यासाचं ओझं उतरवायला म्हणून. काय काढायचं ते विचारत नाही. आणि प्रत्येक मुलाचा नाव घातलेला पत्र्याचा डबा फडताळावर असतो, तो थांबल्यावरही दोन वर्षं हलवत नाही. दहावीनंतर जी येतात त्यांना कला महाविद्यालयाच्या फाउंडेशन अभ्यासक्रमाची माहिती हवी असते, बारावीनंतर बीएफए या कलेतल्या पदवीच्या प्रवेश परीक्षेची, सीईटीची. फॉर्म, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीच्या तारखा यासाठी मे-जूनमध्ये एक माणूस बसवा. चित्र शिकवण्याइतकंच हे काम आहे आणि ते कुणी करत नाही. जी परत येतात त्यातल्या दोघा-तिघांना लहानांच्या वर्गावर ठेवा, पैसे देऊन.

पैशाकडे येतो. तुमचा सगळ्यात मोठा खर्च कागद नसून मानधन असावं. पाच मित्र फुकट शिकवणार, हे दिवाळीपर्यंत चालतं. मग एकाला पुण्यात नोकरी लागते, एकीचं लग्न ठरतं, आणि मुलांसमोर दर महिन्याला नवा चेहरा. थोडं का होईना, ठरलेलं मानधन ठरलेल्या तारखेला द्या, म्हणजे गैरहजर शिक्षकाला जाबही विचारता येतो.

देणगी मागताना "कलेच्या प्रसारासाठी" मागू नका. "30 मुलांच्या वर्षाच्या कागदाच्या 600 शीट" मागा, "एका ताईचं सहा महिन्यांचं मानधन" मागा. आमच्याकडे रक्कम मिळते ती बहुतेक दुकानदार, निवृत्त शिक्षक आणि माजी विद्यार्थी यांच्याकडून, लहान लहान. कंपन्यांच्या सी.एस.आर.मागे, म्हणजे कायद्याने समाजकार्यावर खर्च करायच्या पैशामागे, पहिल्या तीन वर्षांत धावू नका. तो कायदा लागू होतो 5 कोटी निव्वळ नफा किंवा 500 कोटी नक्त मूल्य किंवा 1000 कोटी उलाढाल असलेल्या कंपनीला. आपल्या भागातले बरेच कारखाने त्यात बसतच नाहीत. जे बसतात त्यांना तुमची सी.एस.आर.-1 नोंदणी (असा पैसा घेणाऱ्या संस्थेची सरकारी नोंदणी) आणि ऑडिट झालेले जुने हिशेब लागतात. लहान कारखानदाराकडे पैसे मागण्यापेक्षा बाद पॅटर्नं, पॅकिंगचा पुठ्ठा आणि वर्षातून एकदा पोरांना कारखाना आतून बघायची परवानगी मागा. नाही म्हणणारा अजून भेटला नाही.

आता नोंदणी. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात तीच संस्था 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही नोंदवावी लागते. तुम्ही पाच आहात, दोन कमी. ते दोघे आणखी चित्रकार घेऊ नका. एक हिशेब कळणारा माणूस घ्या, निवृत्त बँकवाला उत्तम, आणि एक वर्गातल्या मुलाची आई. आमच्या बैठकीत सगळ्यात उपयोगी बोलणं त्या माउलीचंच असतं. संस्थेच्या घटनेत उद्देश लिहिताना "कलाशिक्षण" याबरोबर "शिष्यवृत्ती देणे", "कारागिरांकडून प्रशिक्षण" हेही घाला, नंतर बदलायला त्रास होतो. विश्वस्त किंवा कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो न दिलेल्या संस्थांची भांडणं वर्षानुवर्षं चालतात. देणगीदाराला आयकर सवलत देणारं 80 जी सुरुवातीला तात्पुरतं, तीन वर्षांचं मिळतं. 2000 रुपयांवरची रोख देणगी त्या सवलतीत बसत नाही, आणि देणगीदारांची यादी दरवर्षी ऑनलाइन भरावी लागते. म्हणून नोंदणीच्या पहिल्या दिवसापासून पावतीपुस्तक, पॅन आणि वेगळं बँक खातं. हे सगळं पहिलं वर्ष वर्ग चालवून झाल्यावर करा. तोवर खर्च स्वतःच्या खिशातून आणि जवळच्यांकडून भागवा, चारचौघांत देणगी मागत फिरू नका.

एक गोष्ट मात्र वर्षभर थांबू शकत नाही. वर्गात कायम दोन मोठी माणसं हवीत, त्यात एक बाई. कुणाही एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबायचं नाही, शिक्षक कितीही जवळचा असो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा 2012 चा आहे. संशयास्पद काही कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, "आपापसात मिटवू" म्हणणं हाच गुन्हा आहे. आणि देणगीसाठी मुलांचे चेहरे "गरजू" म्हणून फिरवू नका. चित्रांचे फोटो टाका.

सुरुवात जूनमध्ये करू नका. पाऊस, पूर, मग गणपती, मग सहामाही. सगळी कारणं एकदम अंगावर येतात आणि कुठलं मूल कशामुळे गेलं ते कळत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला रविवार धरा. फेब्रुवारीपर्यंत सरळ तीन-साडेतीन महिने मिळतात. गल्लीत आधी पाणी किती वाजता येतं ते विचारून वेळ ठरवा, आणि जाताना वही घेऊन जा. शंभर पानी पुरते.